आधी छत, मग हजेरी

बाई वर्गात शिरल्या की मुलांकडे बघत नसत, वर बघत. दारामागे उभा केलेला बांबू घेत. बांबू त्यांच्यापेक्षा उंच होता आणि त्याच्या टोकाला लाकडाचा ठोकळा बांधलेला होता. मुलं बाहेर व्हरांड्यात बसलेली असत. दाराजवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून बाई स्लॅबला खालून ठोकत पुढे सरकत. आवाज ठण्ण असा आला की पोरं व्हरांड्यातून ओरडत, "भरीव!" ढब्ब असा आला की ओरडत, "पोकळ!" पोकळ निघालं की बाई बांबू भिंतीला टेकवत, गेरूच्या डब्यात कुंचला बुडवत आणि त्या जागेच्या बरोबर खाली फरशीवर एक गोल काढत. त्या गोलात कुणी बसायचं नाही, दप्तर ठेवायचं नाही. आत पडलेली पेन्सिलसुद्धा पट्टीने ओढून बाहेर काढायची. एवढं झालं की मग हजेरी.

"आधी छत, मग हजेरी," त्या म्हणत. "हजेरी आधी घेतली आणि छत नंतर खाली आलं, तर खात्याकडे नावं तेवढी राहतील."

हे त्या हसत हसत म्हणत. ऐकणारा हसत नसे.

बाईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या अजून नोकरीत आहेत आणि त्यांच्यामागे एक चौकशी लागलेली आहे. दुसरी माझ्यामुळे नको. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण आता ती शाळा नाही. खर्डी स्टेशनवरून फाट्यापर्यंत रिक्षा, तिथून ओढा ओलांडून चढ, आणि चढ संपला की वाडी. वाडीच्या टोकाला दोन खोल्यांची पिवळी इमारत. एका खोलीत तांदळाची पोती आणि मोडके बाक. ती आधीपासूनच बंद. दुसऱ्या खोलीत पहिली ते चौथी.

मी तिथे मदतनीस म्हणून काही महिने होते. माझे वडील शहापुरात छापखान्यात कामाला. मोर्चाची, संपाची, धरणग्रस्तांची, सगळ्यांची पत्रकं त्यांच्या हाताखालून जायची आणि उरलेली घरी यायची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे वाडीवर पोहोचले तेव्हा माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर एक घोषणा तयार होती. बाईंनी माझं नाव एकदा विचारलं आणि पुन्हा कधी वापरलं नाही. त्या मला "पत्रकवाली" म्हणत.

बाई पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या. साडी, साडीखाली कॅनव्हासचे बूट, पाठीवर कॉलेजच्या पोरासारखी सॅक. आवाज असा की ओढ्यापलीकडची गाय मान वर करायची. त्या मुरबाडच्या, आणि मुरबाड तालुक्यातून त्यांची बदली इकडे का झाली याची कथा त्यांच्या आधी इथे पोहोचली होती. तिथल्या शाळेला पत्रे होते. उन्हाळ्यात पोरांच्या नाकातून रक्त यायचं. बाईंनी अर्जांवर अर्ज केले. शेवटी एक साहेब तपासणीला आले. त्यांच्यासमोर बाईंनी चहा ठेवला आणि चहाबरोबर एक पापड.

"वा, बाई. कशावर भाजला?"

"शाळेवर," बाई म्हणाल्या.

लोक सांगत की साहेबांनी पापड खाल्ला आणि बदलीचा कागद काढला. मी बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाजला नव्हता गं. पत्र्यावर ठेवून नुसता कडक झाला होता. बाकीचं लोकांनी भाजलं." मग म्हणाल्या, "त्या शाळेच्या पत्र्याखाली नंतर छत बसवलं म्हणे. मी निघाल्यावर. बसवलं ना? मग झालं."

शाळा सुटल्यावर त्यांची आणखी एक सवय होती. रिकाम्या वर्गात त्या फरशीवर मुलांच्या जागेवर जाऊन बसत. रोज एका मुलाची जागा. मांडी घालत, मान खाली घेत, मुलाच्या उंचीएवढ्या होत आणि पाच-दहा मिनिटं तिथूनच वर्ग न्याहाळत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाईंना चक्कर आली.

"इथून काय दिसतं, सांग," त्या मला खाली ओढत.

एकदा त्या खिडकीसमोरच्या कोपऱ्यात बसल्या आणि उठेचनात. मग मला हाक मारली. मी बसले. फळ्याचा अर्धा भाग खिडकीतल्या उजेडाने चकाकत होता. त्यावर लिहिलेलं एक अक्षर दिसत नव्हतं.

"या कोपऱ्यात कोण बसतं?"

"लक्ष्मण."

"आणि गेल्या वर्षी?"

मी हिरामावशींना विचारलं. त्या खिचडी शिजवायच्या आणि त्यांना प्रत्येक वर्षाचं प्रत्येक पोर पाठ होतं. त्यांनी एक नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "तोबी ढच निंगला. त्या कोपऱ्याला नजर हाय कोणाची तरी."

बाई एकदम उसळल्या. "नजर नाही, मावशी, उजेड! दर वर्षी एक पोर आपण इथं बसवतो आणि दर वर्षी त्याला ढ म्हणतो. अरे, पोर ढ आहे की भिंत?" दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा उचकटून समोरच्या भिंतीवर लावायला घेतला. खिळे वाकडे गेले, पोपडे खाली आले, बाईंच्या अंगठ्यावर हातोडी बसली. लक्ष्मण त्या दिवसापासून हुशार झाला असं काही मी लिहिणार नाही. पण तो फळ्याकडे बघायला लागला, एवढं मी पाहिलं.

स्वच्छतागृहाचंही तसंच. ते होतं. त्याला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली वाडीतल्या एका घरात, 'साहेब आले तर' म्हणून. बाईंनी पहिल्याच आठवड्यात दगडाने कुलूप तोडलं. तरी पोरी जाईनात. जायच्या त्या दोघी-दोघी, एक आत आणि एक दार धरून बाहेर. बाई आत जाऊन बसल्या, दार लावलं आणि आतूनच ओरडल्या, "पत्रकवाली! कडी कुठे आहे बघ!" कडी माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर होती. पहिलीतल्या पोरीचा हात तिथे पोहोचायचा कसा? कुणी तरी मोठ्या माणसाने मोठ्या माणसाच्या मापाने ती बसवली होती, वर बिल काढलं होतं आणि भिंतीवर 'मुलींचे शौचालय' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. बाईंनी कडी खाली आणली. दिवसभर पाणी न पिणाऱ्या पोरी मधल्या सुट्टीत पाणी प्यायला लागल्या.

मला राग येतो तो इथे. आमच्या तालुक्यातलं पाणी मुंबईला जातं, आमच्या तालुक्यातून हमरस्ता जातो, रेल्वे जाते. सगळं इथून जातं. आणि इथल्या एका पोरीला आतून लावता येईल एवढ्या उंचीवर एक कडी बसवायला कुणाला सुचत नाही. शाळेच्या भिंतीवर 'शिक्षण माझा हक्क' असं रंगवलेलं होतं. त्याच भिंतीचा पोपडा मी एका पोराच्या ताटात पडलेला पाहिला. त्याने तो बोटाने बाजूला केला आणि खिचडी खाल्ली.

त्या रात्री मी पत्रक लिहिलं आणि सकाळी बाईंना दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"यात शासन आहे," त्या म्हणाल्या. "उदासीनता आहे. ज्वलंत प्रश्न आहे. पोर कुठे आहे?"

"हे सगळ्या पोरांबद्दलच आहे, बाई."

"यात एकाही पोराचं डोकं दुखत नाहीये. मंगलचं डोकं रोज दुपारी दुखतं, चुलीचा धूर वर्गात येतो म्हणून. ते लिही. मग साहेबांना कळेल काय बांधायचंय."

मंगल म्हणजे काळूरामची धाकटी, चौथीतली. आणि काळूराम म्हणजे शाळेच्या समितीचा अध्यक्ष. भाताची थोडी जमीन, बाकी मजुरी. त्याची थोरली, शेवंती, हीच शाळा शिकली होती. चौथीनंतर तिला खालच्या गावच्या शाळेत घातलं. ओढ्याला पाणी आलं की घरी, उतरलं की शाळेत, असं एक पावसाळा चाललं. मग दिवाळीनंतर ती आईबरोबर वीटभट्टीवर गेली ती गेलीच. काळूराम हे कधी बोलून दाखवत नसे. पण मंगलची शाळा पाचवीपर्यंत वाडीतच वाढवून मिळावी म्हणून तो शहापूरला ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होता, आणि ऑफिसात त्याला दर वेळी उलटंच ऐकवत होते. पट कमी आहे. अशा शाळा खालच्या शाळेत समाविष्ट करायच्या आहेत. एखादं कारण मिळालं की झालं.

ते कारण बाई रोज सकाळी बांबूने ठोकून शोधत होत्या.

श्रावणात फरशीवरचे गोल एकमेकांना भिडले. आधी मधोमध दोन होते. मग तिसरा, मग तिन्हींचा मिळून एक मोठा, आणि मग तो गोल भिंतीकडे सरकू लागला. कोरड्या दिवशी बाई वर्ग जांभळाखाली घेत. पावसात इलाज नसे. पोरं भिंतींना पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन दाटीवाटीने बसत आणि मधली सगळी खोली रिकामी. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, मधे काही तरी झोपलेलं आहे आणि पोरं त्याला जागं करायला भितात. बाई शिकवायच्या त्याही भिंतीलगत सरकत. एका कोपऱ्यात स्लॅबचा पापुद्रा सुटून सळई दिसायला लागली होती, गंजून फुगलेली. पाढे म्हणताना पोरांचे डोळे वर जात. पाढा चुकला तरी बाई ओरडत नसत.

"बाई, तुमी वर बघून चालता," हिरामावशी म्हणायच्या, "एक दिस खड्ड्यात जाल."

"खड्ड्यातून वर येता येतं, मावशी. स्लॅबखालून नाही."

मग बाईंनी तपासणीसाठी अर्ज केला. वाडीत ते कळलं त्या संध्याकाळी काळूराम शाळेत आला. दारातच थांबला. आत फरशीकडे बघितलं.

"बाई, तुमच्या गोलांनी शाळा खाल्ली आमची."

"गोल मी काढते, काळूराम. पोकळ मी करत नाही."

"पोकळ तर पोकळ. इतकी वर्षं उभी हाय ना? आमच्या घरांवर काय लोखंड घातलंय? आमी मेलो का?"

"तुमच्या घरावर कौलं आहेत. कौल पडलं तर खोक पडते. हे पडलं तर पोर उरत नाही."

"आन् शाळा बंद झाली तर उरंल?"

बाईंनी वर छताकडे बघितलं. मी मधे बोलायला गेले, की दोन्ही मागता येतं, छतही आणि शाळाही, मागायलाच हवं. काळूराम माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू मागून ये गो. मिळालं की सांग." आणि गेला.

इंजिनियर सोमवारी येणार असं ठरलं.

सोमवारी सकाळी बाई आणि मी शहापूरहून आलो, फाट्याला उतरलो, चढ चढलो. वाडी नेहमीपेक्षा शांत होती. कुणी शेतावर गेलेलं दिसत नव्हतं. शाळेसमोर बायका-पुरुष उभे होते, पण "आल्या का बाई" असं कुणी म्हणालं नाही.

बाईंनी दार ढकललं आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या.

छत पांढरं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नवं प्लॅस्टर, वर चुना. सळई दिसेनाशी झालेली. खाली फरशी घासून घासून धुतलेली. एकही गोल नाही. खोलीभर ओल्या सिमेंटचा वास.

वाडीत देवळाचा ओटा बांधायला घेतला होता, त्याचं सिमेंट गोळा करून ठेवलेलं होतं. रविवारी घरटी एक माणूस निघाला होता. देवाचं काम थांबवून त्यांनी शाळेचं केलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की काळूरामच्या मनगटांवर चुन्याचे शिंतोडे होते आणि तो बाईंकडे बघत होता. त्या नजरेत दटावणी नव्हती. तो विनवत होता.

इंजिनियर आला तो मोटरसायकलवर, रेनकोट घातलेला, माझ्यापेक्षा फार मोठा नसेल. त्याला त्याच दिवशी आणखी शाळा करायच्या होत्या. दारात उभं राहून त्याने छत बघितलं, मोबाईलवर फोटो काढला. दाराजवळच्या भिंतीवर दोन थापा मारल्या.

"हे तर बरं दिसतंय, मॅडम. अर्जात तुम्ही फारच..."

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "आम्ही रोज करतो तेवढं करू द्या."

त्यांनी बांबू घेतला. पोरं व्हरांड्यात बसलेली होती, आणि त्यांच्या मागे सगळी वाडी उभी. बाईंनी दाराजवळ ठोकलं.

ठण्ण.

"भरीव!"

बाई पुढे सरकल्या. मधोमध गेल्या, जिथे कालपर्यंत सगळ्यात मोठा गोल होता. ठोकलं. ढब्ब. इतका स्पष्ट की माझा हात गेरूच्या डब्याकडे गेला.

"भरीव!" पोरं ओरडली. सगळी. एका आवाजात.

बाईंनी पुन्हा ठोकलं. ढब्ब.

"भरीव!"

मी वळून बघितलं. मंगलच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. पहिलीतली पोरं मोठ्यांकडे बघून ओरडत होती. ज्या कानांना बाईंनी महिनोन् महिने तयार केलं होतं, त्यांना घरी काय सांगितलं गेलं असेल ते दिसत होतं. आणि कुणाचं चुकत होतं, सांगा? पोरं आपली शाळा वाचवत होती. त्यांच्या हातात एक शब्द होता, तो त्यांनी दिला.

इंजिनियर हसला. "खेळ छान आहे, मॅडम. मुलं पास म्हणतायत. मग मी कोण नापास करणारा?" त्याने बॅगेतून कागद काढला.

बाई बांबू धरून उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या पोरांवर संतापतील, वाडीवर संतापतील. त्यांनी बांबू भिंतीला टेकवला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू. "भरीव आहे ना? मग आता मोकळे बसा. सगळी खोली आपली आहे. या आत."

पोरं उठली. आत आली. आणि बसली.

भिंतींना पाठ लावून. गुडघे पोटाशी घेऊन. दाटीवाटीने, एकमेकांच्या अंगावर. फरशी स्वच्छ होती, एक रेघ नव्हती, आणि तरी कालच्या गोलांच्या कडेकडेने पोरं अशी बसली की ते गोल पुन्हा दिसायला लागले. पहिलीतलं एक पोर मधे जायला लागलं तर मंगलने त्याचा सदरा धरून मागे ओढलं.

बाहेर पागोळ्या पडत होत्या.

इंजिनियरच्या हातातलं पेन थांबलं. तो रिकाम्या मधल्या जागेकडे बघत होता. मग खाली वाकून त्याने मंगलला विचारलं, "बाळ, तिथं का नाही बसत कोणी?"

मंगलने खिडकीकडे बघितलं. खिडकीत काळूराम होता.

"तिथं नाय बसत आमी," ती म्हणाली.

"पण का?"

तिने पोराचा सदरा आणखी घट्ट धरला. मान खाली घातली.

इंजिनियरने टेबल ओढलं, वर चढला, छताला बोट लावलं. बोट पांढरं आणि ओलं होऊन आलं. त्याने खिशातल्या किल्लीने थोडं खरवडलं, बघितलं, आणखी खरवडलं. मग खाली उतरला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मुलांना बाहेर घ्या."

नंतर किती तरी दिवसांनी मी बाईंना विचारलं की त्यांना ठाऊक होतं का, पोरं तशी बसतील म्हणून. त्यांना प्रश्न आवडला नाही.

"काही ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "एखादं जरी मधे बसलं असतं ना, तर मी किंचाळले असते. ओढून काढायला पदर खोचून उभी होते. तुला दिसलं नाही?"

मला दिसलं नव्हतं.

इमारत वापरण्यास बंद, असा कागद आला. त्याच्या मागोमाग दुसरा: मुलांचं आणि बाईंचं समायोजन खालच्या गावच्या शाळेत. नव्या इमारतीचा त्यात शब्द नव्हता. काळूरामला जी भीती होती ती शब्दाशब्दाने खरी झाली. मी तेव्हाही लिहिलं होतं आणि आत्ताही लिहिते: छत की शाळा, यातलं एक निवडा, असं ज्यांनी त्या वाडीला सांगितलं, ते त्या सोमवारी तिथे नव्हते. तिथे एक बाई होती आणि एक बाप होता आणि दोघांना एकमेकांचे शत्रू केलेलं होतं. मी मोर्चा काढू म्हटलं. काढलाही, शहापूरला. निवेदन घेतलं गेलं. पोच मिळाली.

बाईंनी खालच्या शाळेत हजर व्हायचं होतं. फाट्याला उतरून डावीकडे गेलं की ती शाळा पाच मिनिटांवर. बाई फाट्याला उतरत आणि उजवीकडे वळत. ओढा ओलांडून वर वाडीत जात, घराघरातून पोरं गोळा करत आणि त्यांना घेऊन तासाभराची वाट पुन्हा खाली उतरत. ओढ्याला पाणी असलं की दोरी बांधत, एकेका पोराचा हात धरून पलीकडे नेत. शाळेत पोहोचायला उशीर व्हायचाच. चौकशी आहे ती याची: सातत्याने विलंबाने उपस्थित राहणे.

"बाई, लेखी कळवा तरी, उशीर का होतो ते," मी म्हटलं.

"कळवलं. 'विद्यार्थी आणत होते' असं. ते म्हणतात, हे तुमचं काम नाही."

वाडीतल्या बऱ्याच घरांनी पोरं दिली. गुपचूप, बाईंशी न बोलता. जाता-येता वाटेत ती बंद इमारत लागायची. दाराला कुलूप, छत जागच्या जागी. कुणी तरी ओट्यावरून टोमणा मारायचं, "बाई, अजून नाय पडली गो तुमची शाळा!"

बाई थांबून उत्तर द्यायच्या. "नाही पडली, म्हणून मी खोटी. पडली असती, तर मला खरी म्हणायला कोण राहिलं असतं?"

ती इमारत आजही उभी आहे. पडलेली नाही. मला हे सांगणं भाग आहे.

काळूरामने मंगलला दिलं नाही. बाई रोज त्याच्या अंगणात उभ्या राहत. तो ओट्यावर कोयत्याला धार लावत बसलेला. मंगल दाराच्या फटीत.

"मंगल, निघालो गं आम्ही."

"ती नाय यायची," काळूराम म्हणे.

"बरं. उद्या विचारते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरं अंगणात ताटकळत, एकमेकांना ढकलत. बाईंना उशीर होत राहायचा आणि चौकशीचा कागद जाड होत राहायचा. एकदा काळूराम भडकला. "रोज काय येता वो? आमची शाळा घालवली, आता दारात उभं राहायला लाज नाय वाटत?"

"वाटते," बाई म्हणाल्या. "म्हणून तर रोज येते."

तो आत गेला. दार लावून घेतलं. हिरामावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पोरगी भट्टीवर जाणार आता. थोरलीवानी." त्यांची खिचडीची चूलही बंद झाली होती. त्या नुसत्याच आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत येत, लहान पोरांना धरायला.

भाद्रपद सरत आला होता. वाटेवर घाणेरीची काटेरी झुडपं इतकी माजली होती की पोरांचे हात-पाय ओरबाडत आणि पुढचं माणूस दिसत नसे. त्या सकाळी काळूरामच्या ओट्यावर कुणी नव्हतं. दार बंद. बाईंनी हाक मारली, उत्तर आलं नाही. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग "चला" म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांच्या मागे पोरं.

ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर कसला तरी आवाज आला. खच्च. खच्च. बाईंनी हात आडवा करून पोरांना थांबवलं. घाणेरी हलली.

काळूराम होता. वाटेच्या दोन्ही अंगांना कोयत्याने सपासप तोडत पुढे चालला होता. मागे बरीच वाट मोकळी झालेली. आणि त्याच्या पाठीशी मंगल, दप्तर डोक्यावर धरून, बाबाच्या कोयत्यापासून लांब राहत.

त्याने वळून बघितलं नाही. बाईंनीही त्याला हाक मारली नाही. पोरं त्या मोकळ्या वाटेवर आली. मंगल हळूच मागे सरकून पोरांच्या रांगेत मिसळली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग खाली वाटेकडे पाहिलं. कापलेल्या घाणेरीचे तिरपे, टोकदार खुंट जमिनीबाहेर उभे होते. बहुतेक पोरं अनवाणी.

"काळूराम," त्या म्हणाल्या, "खुंट ठेवू नका. जमिनीलगत कापा. पायात घुसतील पोरांच्या."

कोयता थांबला.

"तुमी गप चला, बाई," काळूराम म्हणाला, आणि कमरेतून आणखी खाली वाकला.